धोंडुबाईंच्या मांडीतला रॉड

१८ नोव्हेंबर

एडक्याने पाडलं! घरच्याच एडक्याने. शिंगं खाली घालून मागून आला आणि बाई रस्त्याकडेच्या चारीत. मेंढरं घेऊन घाटाकडे चालले होते, कोरेगावच्या अलीकडे हे झालं. साताऱ्यात कुणीतरी पाय नीट बांधून दिला, सलाइन लावलं. पण घर जतकडचं, म्हणून मुलाने तशीच गाडीत घालून सांगलीला आणली. दुपारी पोचली. धोंडुबाई. वय तिला माहीत नाही, मी सत्तर लिहिलं. अंगावर मांस नाही. डोळे मात्र—! सगळीकडे फिरत होते. माझ्यावर, पंख्यावर, शेजारच्या खाटेवरच्या पोरीच्या प्लास्टरवर.

उजव्या मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलंय. खालचा तुकडा मागे कलंडलाय. हाड इतकं विरळ की एक्स-रेवर धुकं पडल्यासारखं दिसतं.

मी पट्टी सोडायला लागले तर मुलगा, सिद्धू त्याचं नाव, म्हणाला, "सिस्टर, जरा हळू. डाक्टर कवा येत्याल?"

"आलेत. मीच डॉक्टर."

तो मागे सरकला. धोंडुबाईच बोलल्या, "बाई हाय व्हय? बरं झालं. बाप्ये वढत्यात लय."

दिवसभर तेच आठवून हसतेय.

१९ नोव्हेंबर

सीटी स्कॅन झाला. गुडघ्याचा सांधा शाबूत! चीर सांध्यात उतरलेली नाही. हे पाहिलं आणि डोक्यात एकच — नेल, हाडाच्या पोकळीत घालायचा रॉड. प्लेट नाही. नेल.

सरांना सांगितलं. उदयसिंह सर. हॉस्पिटल त्यांचं, तीस वर्षांचा हातही त्यांचा. गुडघ्याजवळचं हाड मोडलं की सर बाजूने प्लेट लावतात, आणि त्यांच्या प्लेटा बसतात हे काही खोटं नाही. मी त्यांच्याकडेच शिकले.

म्हणाले, "खालचा तुकडा लहान आहे. नेलला पकड कुठून मिळणार?"

"तीन स्क्रू बसतात सर. मोजलंय."

"कागदावर बसतात."

"प्लेट लावली तर तीन महिने पाय टेकवायचा नाही म्हणून सांगावं लागेल. ही बाई ऐकणारी नाही. चौथ्या दिवशी उठेल आणि प्लेटसकट मोडून घेईल."

सर चष्मा पुसत बसले. चष्मा पुसत बसले म्हणजे विचार चालू आहे, हे एवढ्या वर्षांत कळलंय. मग म्हणाले, "अशा विरळ हाडात, इतक्या खाली, तू एकटीने नेल घातला आहेस कधी?"

नाही. पुण्यात असताना हाताखाली उभी राहिले आहे. खांद्यामागून वाकून पाहिलंय. पण सुरी माझ्या हातात कधीच नव्हती. तसंच सांगितलं.

"बिघडलं तर म्हातारी जन्माची खाटेवर जाईल. माहितीये ना?"

माहितीये. जेवण गेलं नाही.

२० नोव्हेंबर

आधी घरच्यांशी बोलायचं ठरवलं. सिद्धूचं म्हणणं — प्लास्टर घाला, घरी न्यायचं. मागे उभा असलेला त्याचा पाव्हणा म्हणे, "आमच्याकडं हाड बसवणारा हाय. पाला बांधतुया. मान्सं उठून बसत्यात."

मी म्हटलं, बसत्यात. पण चालतात का? मोबाईलवरचा एक्स-रे दाखवला. दोन तुकडे कसे आहेत, मधे अंतर किती. हाड म्हणजे पोकळ वेळू समजा. वाटीखाली लहान छेद द्यायचा, गुडघा वाकवून तिथून आत शिरायचं आणि पोकळीतून खालून वर लांब रॉड सारायचा. दोन्ही टोकांना आडवे स्क्रू. मग भार हाडावर नाही, रॉडवर येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करता येतं. आणि हेही सांगितलं, की जंतू धरू शकतात, हाड वाकडं जुळू शकतं, वय आहे, भुलीचा धोका आहे. आणि गुडघ्यामागे मोठी रक्तवाहिनी आहे, तिच्या अगदी जवळ काम आहे.

सिद्धू घाबरला. "आवं, मग नगंच की!"

धोंडुबाई पडल्यापडल्या ऐकत होत्या. "तू गप रं. मोडलंय माजं का तुजं?" मग मला, "पोरी, चालवणारं कंचं त्यात?"

"रॉड."

"मग त्यो घाल."

"आजी, धोका सांगितला तो नीट कळला ना?"

"कळला. खाटंवर पडून ऱ्हायाचा धोका तू सांगितलाच न्हाईस. त्यो मला ठावं हाय. माझी सासू तशीच गेली. पाटीला किडं पडलं हुतं."

बाहेर येऊन सीटी पुन्हा मोजला.

संध्याकाळी परत सरांच्या केबिनमध्ये. बाई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "उद्या सकाळी. केस तुझी." एवढंच! मान वरसुद्धा केली नाही.

२१ नोव्हेंबर

झालं!!

थांब. नीट लिहिते. हे मला म्हातारपणी वाचायचं आहे.

सकाळी कमरेत भूल दिली. धोंडुबाई जाग्याच. हिरव्या पडद्यापलीकडे त्यांचं डोकं, माया सिस्टर त्यांच्याशी गप्पा मारायला. गुडघ्याखाली कापडाची जाड गुंडाळी. छेद दिला. वाटीखालचा दोरीसारखा स्नायुबंध बाजूला सारला, आत शिरायची जागा सापडली. सी-आर्मच्या, म्हणजे चालत्या एक्स-रेच्या पडद्यावर समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. नेलला वाट दाखवणारी तार बरोबर मध्यावर. इथपर्यंत मी मनात शंभरदा केलं होतं. हात आपोआप चालले.

मग अडलं.

खालचा तुकडा. पिंढरीचे स्नायू त्याला मागे ओढतात, हे पुस्तकात एका ओळीचं आहे. प्रत्यक्षात तो तुकडा म्हणजे हट्टी कोकरू. पुढे ढकलावं, पडद्यावर सरळ दिसावं, तार पुढे सरकवायला जावं, की कलंडला मागे! गुंडाळी वर सरकवून पाहिली. पुन्हा तेच. हाड मऊ, जोर लावायची सोय नाही. आणि बरोबर मागे ती रक्तवाहिनी. असाच नेल घातला असता तर गेला असता आत, पण पाय जन्मभर मागे वाकलेला. मला घाम फुटला. मायाने न सांगता कपाळ टिपलं. पडद्यापलीकडून आवाज, "झालं का गं?" मी म्हटलं, "होतंय आजी." "आवाज का बसला मग तुझा?"

दार वाजलं. सर. दारातच उभे, पडद्याकडे बघत. मला वाटलं आता म्हणणार, सोड, प्लेट लावू. मी मान वळवली नाही. वळवली असती तर कदाचित मीच म्हटलं असतं.

आणि तेव्हा सुचलं. सुचलं म्हणजे काय, माहीतच होतं, भीतीने मागे पडलं होतं. नेलने ज्या बाजूला सरकायला नको, तिथे आधीच आडवा स्क्रू घालून वाट अडवायची. पाण्याला बांध घालतात तसं. मग नेल जाईल तो मधूनच जाईल आणि जाता जाता तुकड्यालाही सरळ करेल.

"अडवायचा स्क्रू घालते," मी म्हटलं. मोठ्याने. कुणाला म्हटलं कोण जाणे.

सर म्हणाले, "घाल. घाई करू नकोस. तोवर तुकडा मी धरतो."

आणि गेले हात धुवायला! उदयसिंह सर! ज्यांच्या शेजारी मी वर्षानुवर्षं पाय धरून उभी राहिले ते गाउन घालून आले, टेबलाच्या पलीकडे उभे राहिले आणि माझ्यासाठी धोंडुबाईंचा पाय धरला. मी "जरा वर" म्हटलं की वर. "थांबा" म्हटलं की थांबले.

स्क्रू गेला. नेल घेतला. हाताने ढकलत, अगदी हळू, बारीक ठोके देत. मोडलेल्या जागेपाशी क्षणभर अडला. मग गेला! पडद्यावर बाजूने पाहिलं — सरळ. सरळ!! खालचा तुकडा वरच्याखाली असा बसला जसा काही मोडलाच नव्हता. खाली तीन स्क्रू, तिन्हींना पकड. वरचे स्क्रू घालताना तर मी गुणगुणत होते म्हणे. माया सांगत होती. मला काहीच आठवत नाही.

पायाची नाडी पाहिली. टप टप टप, पावलाच्या वर, ठणठणीत.

सर हातमोजे काढत म्हणाले, "मोजलं होतंस ते बरोबर होतं."

बाहेर सिद्धू उभा. त्याला फोटो दाखवला. तो मोबाईल हातात घेऊन बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "म्याडम, चुकलं माझं. तवा सिस्टर म्हणालो."

मी म्हटलं, सिस्टरशिवाय आज काही झालं नसतं.

स्कूटरवरून घरी येताना विश्रामबागच्या चौकात एकटीच ओरडले. शेजारचा रिक्षावाला दचकला.

२२ नोव्हेंबर

दुखतंय. पण बसल्या. पाय खाटेखाली सोडून. गुडघा वाकतोय.

२३ नोव्हेंबर

उभ्या राहिल्या!!

एका बाजूला मी, एका बाजूला माया, समोर वॉकर. धोंडुबाईंनी आधी वॉकरची तपासणी केली. हलवून पाहिला. "हे शेळीच्या पायावानी हाय. निसटंल." निसटला नाही. डावा पाय ठेवला. मग उजवा. ओठ घट्ट मिटलेले. भार टाका म्हटलं, टाकला. आणि चेहरा बदलला! मी तो चेहरा शब्दांत लिहू शकत नाही.

"आत कोन तरी उभं हाय," म्हणाल्या. "माज्या पायात दुसरं मानूस उभं हाय."

पलंगापासून दारापर्यंत गेल्या. दारातून त्यांना परत यायचंच नव्हतं. "व्हरांडा बगू." मी नाही म्हटलं. तरी गेल्या.

सिद्धूने विषय काढला, त्या एडक्याला विकून टाकतो. केवढ्याने ओरडल्या! "त्याचं काय चुकलं? मी त्याच्या वाटंत हुते."

२ डिसेंबर

टाके काढले, घरी गेल्या. जतला थोरल्या लेकीकडे राहणार. जाताना सगळ्या वॉर्डला सांगून गेल्या, "काय मोडलं तर या पोरीकडं घाला."

मी कुठली, हे विचारत होत्या. आटपाडीकडची म्हटलं. घराण्याचं नाव विचारलं, सांगितलं. एकदम हात धरला. "आगं, म्हंजे आमच्यातलीच की! मेंढरामागची पोर!" माझे आजोबा मेंढरं राखायचे, हे मी हॉस्पिटलात कधी कुणाला सांगितलं नाही. लपवलंही नाही, विषयच निघाला नाही. आज सगळ्या वॉर्डला कळलं. बरं वाटलं.

१५ डिसेंबर

सिद्धूचा फोन. आईला ताप. थंडी वाजते. गुडघा सुजलाय वाटतं.

जंतू. नेलवर जंतू धरला तर सगळं काढावं लागतं, आणि या वयात, या हाडात... लगेच घेऊन या म्हटलं.

सरांना सांगितलं. त्यांनी ‘मी म्हटलं होतं’ असं काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं, कुणावर तरी चिडता आलं असतं.

१६ डिसेंबर

गुडघा थंड! जखम कोरडी, सूज कालपरवाच्या जास्त चालण्याने. ताप लघवीतल्या जंतुसंसर्गाचा. पाणी पीत नाहीत, उठावं लागतं म्हणून!

रागावले. खरंच रागावले. खाली मान घालून ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "झालं? आता पानी दे."

१८ डिसेंबर

ताप उतरला. मी पोटभर जेवले.

९ जानेवारी

एक्स-रे. मोडलेल्या जागेभोवती नवं हाड धरायला लागलंय! पिंजलेल्या कापसासारखं, अजून कच्चं. पण आहे! चारी बाजूंनी. मी फिल्म उजेडाला लावून उभी, सर मागून येऊन उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. यावेळी विचार वगैरे काही नव्हता.

आज त्यांनी आणखी एक पेशंट माझ्या नावावर लावला. मिरजेचे निवृत्त मास्तर, तसंच हाड. म्हणाले, "मी पाहायला उभा राहीन. शिकायला." चेष्टा असेल असं वाटलं. नव्हती.

१७ फेब्रुवारी

धोंडुबाई तपासणीला आल्या नाहीत. लेकीकडे फोन केला तर ती म्हणते, "आई गेली की तळावर! एक्स-रे काढून आली तवाच गेली. आमी आडवली तर काठी उगारली."

गेल्या? कुठल्या तळावर? तर मेंढरं कोरेगावकडे आहेत. शेतकरी खतासाठी रानात बसवून घेतात, आज इथे उद्या तिथे. हाड अजून पुरतं भरलेलं नाही! ढेकळांतून चालतेय ही बाई!

२२ फेब्रुवारी

रविवार. सकाळच्या एसटीने साताऱ्याला, तिथून कोरेगाव, तिथून सिद्धूची मोटारसायकल. रस्ताभर त्याच्यावर तोंड सोडलं. तो फक्त म्हणत होता, "तुमीच सांगा तिला म्याडम, तुमीच सांगा."

ऊस तुटलेलं मोकळं रान. मेंढरं पांगलेली. आणि लांबवर एक बाई चालत होती. पाठमोरी. खांद्यावर आडवी काठी, त्यावर दोन्ही मनगटं टाकलेली. टेकायला नव्हे! काठी टेकतच नव्हत्या! मी सिद्धूला गाडी बंद कर म्हटलं. मला तिची चाल बघायची होती, मोबाईलवर घ्यायची होती. डॉक्टर म्हणून. डॉक्टर म्हणूनच. उजवा पाय, डावा पाय, उजवा पाय. किंचित लंगड. बांधापाशी आल्या, क्षणभर थांबल्या, उजवा पाय आधी वर टाकला — उजवा! — आणि चढून गेल्या.

मी सगळं भांडण विसरले.

मला बघून म्हणाल्या, "आलीस? च्या ठिवते." जणू मी शेजारच्या वस्तीवरून आले होते.

मी म्हटलं, आजी, हाड जुळायच्या आत का आलात? विचारूनसुद्धा नाही?

"इचारलं आसतं तर तू नगं म्हणली आसतीस."

"हो."

"मग?"



चहा पिऊन त्यांना कोरेगावात नेलं, एक्स-रे काढला. जुळलंय. कापसाचं हाड झालंय, घट्ट. एका जागी जराशी फट दिसते, तीही भरत आलीये. त्या तंत्रज्ञाला वाटलं असेल ही डॉक्टरीण वेडी आहे. मी त्याच्यासमोर टाळ्या वाजवल्या.

धोंडुबाईंनी फिल्म आडवी धरून पाहिली. "हे मी?"

"हे तुम्ही."

"ह्यो पांढरा दांडा तुझा?"

"तुमचाच आता."

निघताना माझ्या कपाळाला भंडारा लावला. परतीच्या एसटीत सगळे माझ्याकडे बघत होते. पुसला नाही.

८ मार्च

सांगली-साताऱ्याच्या हाडांच्या डॉक्टरांची बैठक, साताऱ्यात. सरांनी माझं नाव दिलेलं. मला परवा सांगितलं!

पडद्यावर एक्स-रे. आधीचा, नंतरचा, फेब्रुवारीचा. आणि शेवटी मोबाईलवर घेतलेला व्हिडिओ, बांध चढणाऱ्या धोंडुबाई. सभागृहात टाळ्या. मागून कुणीतरी शिट्टी मारली! डॉक्टरांच्या बैठकीत!

एका ज्येष्ठांनी उभं राहून सरांना विचारलं, "उदयसिंहराव, इतका लहान तुकडा, तुम्ही नेल कसा काय निवडला?"

सर बसूनच म्हणाले, "मी नाही निवडला. मी विरोध केला होता. उत्तर तिला विचारा."

दिलं उत्तर. आवाज बसला नाही.

जेवताना एक बाई जवळ आली. शिकतेय, पहिलं वर्ष, हाडांच्याच विभागात. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे म्हणतात बायकांना हे झेपत नाही, मनगटात जोर लागतो." मी माझं मनगट तिच्या हातात दिलं. केवढंसं आहे ते! दोघी हसलो.

३० मार्च

मिरजेचे मास्तर आज काठी विसरून घरी गेले. माया धावत जाऊन देऊन आली.

नेलचा आता पाचवा पेशंट. सर ओपीडीत लोकांना सांगतात, "गुडघ्यावरचं असेल तर सोनम मॅडमकडे बसा." मॅडम! मला अजून मागे वळून पाहावंसं वाटतं, कोण आलं म्हणून.

११ एप्रिल

सर पडले. सकाळी घरात, गच्चीवरून उतरताना. आम्हाला कळलं तोवर घरच्यांनी परस्पर पुण्याला न्यायला काढलं होतं. त्यांचा मुलगा दिग्विजय पुण्यातच असतो, मोठं हॉस्पिटल, मोठी नावं. बरोबरच केलं. मीही तेच सांगितलं असतं.

वाटेत कराडला काढलेला एक्स-रे मोबाईलवर आला. मांडीचं हाड. गुडघ्याच्या वर. आणि सरांचं तर सांध्यातही उतरलंय. धोंडुबाईंपेक्षा कितीतरी अवघड.

ओपीडी कशीबशी उरकली.

मग दिग्विजयचा फोन. तो पुण्याहून पुढे येऊन साताऱ्यात अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसला होता. म्हणाला, "बाबा ऐकत नाहीत. सातारा ओलांडलं होतं, ड्रायव्हरला गाडी वळवायला लावली. म्हणतायत, माझं हाड सोनमच जोडेल."

फोन सरांनी मागून घेतला. आवाज दुखण्याने चिरका. "सीटी आल्यावर आधी नीट मोज. मग मला सांग काय करायचं ते. मी वाद घालणार नाही."

गाडी कराडच्या पुढे आली आहे. मी खाली दारात जाते.